धूर सोडणाऱ्या गाडीचे दान : पात्रता, कागद आणि विधी

पीयूसी चाचणीत नापास झालेली चारचाकी एखाद्या सेवाभावी संस्थेला अर्पण करणे हा दानाचा तुलनेने नवा प्रकार आहे. बीड जिल्ह्यात या दानाची इच्छा बहुधा पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसी व्हॅनपाशी उत्पन्न होते. डिझेल गाडीच्या चालकाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडायला सांगतात. सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीतून धुराची घनता मोजली जाते. बीएस-4 च्या आधीच्या गाडीचा आकडा 65 हार्ट्रिजच्या वर गेला की गाडी नापास. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतात. निकाल नंबरप्लेटच्या फोटोसह सरकारी संगणकावर चढत असल्याने ‘बघा ना, काही जमतंय का’ या वाक्याची ताकद पूर्वीइतकी राहिलेली नाही. प्रदूषणाच्या मर्यादा मोडून गाडी रस्त्यावर आणल्यास मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. हे समजले की गाडीमालकाच्या मनात समाजाविषयी कळवळा दाटून येतो.

जिल्ह्यातील गाड्या या अवस्थेला पोहोचतात याला इतिहासही जबाबदार आहे. परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे, पण खुद्द बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटायला 17 सप्टेंबर 2025 उजाडला. तोवर लग्नाचे वऱ्हाड, दवाखाना, कोर्टाची तारीख आणि निवडणूक हा सगळा भार एसटी, जीप, ट्रॅक्स आणि सुमो यांनी वाहिला. अशी गाडी मालक शेवटच्या थेंबापर्यंत वापरतो आणि मगच तिच्या पुण्याचा विचार करतो.

पहिली पायरी धुराचा रंग पाहण्याची. धूर काळा असेल तर एअर फिल्टर चोंदला आहे किंवा नोझल बिघडले आहेत. हे दुरुस्त होण्यासारखे असल्याने गाडी दानास अपात्र ठरते. ती नीट करून पुन्हा चाचणीला न्यावी. धूर निळा असेल तर रिंगा झिजल्या असून इंजिन ऑईल खाते आहे. मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून ‘इंजिन कामाला आलंय’ असे म्हणतो आणि जो आकडा सांगतो तो गाडीच्या किमतीच्या वर जातो. खरी दानबुद्धी येथे सुरू होते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. अशा गाडीचा दाता सर्वात घाईत असतो.

दुसरी पायरी संस्था निवडण्याची. जिल्ह्यात यासाठी वाव मोठा आहे. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 1982 मध्ये उभी केलेली मानवलोक आहे, आर्वीला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शांतिवन आहे, पालीजवळ एचआयव्हीबाधित मुलांसाठी इन्फंट इंडिया आहे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या की मागे राहिलेल्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहेही सुरू होतात. या सर्वांना गाडी लागते, यात संशय नाही. धान्य आणायचे असते, रात्री तापाने फणफणलेले पोर जिल्हा रुग्णालयात न्यायचे असते. मात्र त्यांना लागणारी गाडी रात्री दोन वाजता सुरू होणारी असते आणि दात्याकडची गाडी सकाळी दहा वाजता चौघांनी ढकलल्यावर सुरू होणारी असते. म्हणून अनुभवी दाता संस्थेला ‘काय हवे आहे’ असे विचारत नाही; ‘गाडी कधी आणून सोडू’ असे विचारतो. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, हे संस्थाचालकांना शिकवावे लागत नाही.

तिसरी पायरी कागदांची, आणि या विद्येचे मर्म येथेच आहे. दान केले तरी कायद्याच्या नजरेत ते मालकीचे हस्तांतरण असते. त्यासाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30, आरसी, चालू विमा, संस्थेचे पॅन व विश्वस्तांचा ठराव लागतो. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म 35 लागतो. आणि या जुडग्यात वैध पीयूसी लागते. म्हणजे पीयूसी मिळत नाही म्हणून जी गाडी द्यायची, ती देण्यासाठी पीयूसी हवी. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर कोडे आणखी पक्के होते. नोंदणीचे नूतनीकरण केल्याशिवाय हस्तांतरण नाही, तपासणीत पास झाल्याशिवाय नूतनीकरण नाही, आणि धूर मर्यादेत आल्याशिवाय तपासणीत पास नाही. नूतनीकरणाचे शुल्कही 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले असून पर्यावरण कर वेगळा. हे सर्व पार करून पास झालेली गाडी मालक दान करत नाही, स्वतःच चालवतो.

यावर तालुक्याच्या ठिकाणी सर्रास सुचवला जाणारा तोडगा असा : कागद राहू द्यावेत, चावी देऊन टाकावी, ‘नाव नंतर करून घेऊ’ म्हणावे. हा मार्ग सोपा आहे आणि तो कोणीही धरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात हस्तांतरण झाल्यास देणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही पुढे गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. एमएच-23 ची नापास, विमा संपलेली सुमो धारूरच्या घाटात कोणाला धडकली, तर न्यायाधिकरणाची नोटीस दात्याच्याच घरी येते.

चौथी पायरी समारंभाची. ती कागदांविनाही पार पडते, म्हणून बहुतेक दाने प्रत्यक्षात येथूनच सुरू होतात. लोकार्पणाचे बॅनर, शाल-श्रीफळ, थर्माकोलची मोठी चावी आणि नंबरप्लेट झाकेल एवढा झेंडूचा हार लागतो. गाडी उतारावर उभी करावी. भाषणे सुरू असताना इंजिन चालू करू नये. पाहुण्यांना खोकला लागतो आणि फोटोत धूर येतो. मुलांना टाळ्या वाजवायला बसवायचे असल्यास सायलेन्सरच्या बाजूला बसवू नये.

घरात एखादे विचारी पोर असल्यास त्याला समारंभापासून दूर ठेवावे. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्वदानाचा संकल्प करून दूध आटलेल्या, थकलेल्या गाई वाटायला काढल्या, तेव्हा आक्षेप बाहेरच्या कोणी घेतला नव्हता. ‘मला कोणाला देता?’ असे त्याच्याच मुलाने, नचिकेत्याने, पुन्हापुन्हा विचारले. चिडलेल्या बापाने मुलाला यमाच्या हवाली केले. आजच्या नचिकेत्याचा प्रश्न इतकाच असेल की, ज्या गाडीत घरच्यांना बसवायला भीती वाटते तीत संस्थेतली पोरे का बसवायची? उत्तर सापडत नसेल तर पाचव्या पायरीकडे वळावे.

त्याआधी एक परदेशी दाखला : अमेरिकेत जुनी गाडी धर्मादाय संस्थेला देणे हा रुळलेला व्यवहार आहे. तेथील संस्था ती गाडी सहसा चालवत नाही. लिलावात विकते आणि पैसे कामाला लावते. देणारे आपल्या खटाऱ्याची किंमत भरमसाट लावून करसवलत घेऊ लागले, तेव्हा 2005 पासून 500 डॉलरवरील सवलत सर्वसाधारणपणे विक्रीतून प्रत्यक्ष आलेल्या रकमेपुरती मर्यादित झाली. आपल्याकडे तेवढाही मोह नाही. आयकरातली ‘80जी’ सवलत फक्त पैशाच्या देणगीला मिळते. गाडी, गहू किंवा घोंगडी दिली तर शून्य.

म्हणून पाचवी आणि खरी पायरी : गाडी संस्थेच्या दारात न नेता नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात न्यावी. अशा केंद्रांचे नियम सप्टेंबर 2021 पासून लागू आहेत. तेथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, नोंदणी रद्द होते आणि सुमोच्या पुढच्या पापांतून मालक सुटतो. हे प्रमाणपत्र नवी गाडी घेताना करसवलतीला उपयोगी पडते. भंगाराची किंमत त्याच जातीच्या नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के असावी, असा सरकारचा अंदाज होता. नाक्यावरच्या भंगारवाल्याला गाडी विकून आरसी तशीच ठेवणे म्हणजे पुन्हा तिसऱ्या पायरीवरची चूक.

आलेली रक्कम संस्थेला द्यावी. ती लहान असते, पण रात्री दोन वाजता भाड्याची गाडी बोलवायला चालते. जुन्या करपद्धतीत राहिलेल्या दात्याने ती चेकने किंवा यूपीआयने द्यावी. रोखीने 2,000 रुपयांपेक्षा जास्त दिल्यास ‘80जी’ची सवलत मिळत नाही.