येऊ दे, येऊ दे…

एप्रिल उजाडला की व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नमध्ये आई-वडील येऊ लागतात. डलेस विमानतळ जवळच, सहा महिन्यांचा मुक्काम, बॅगेत मेतकूट. काही वडील बागेत रमतात, काही कोथिंबिरीच्या जुडीचे रुपये करून हाय खातात. आमच्या शेजारचे अण्णा तिसऱ्या वाणाचे. ‘आमच्याकडे’ वाणाचे.

अण्णा चिपळूणचे, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. इथली कुठलीही गोष्ट दाखवा, तिचा थोरला भाऊ चिपळुणात असतोच. मुलानं डेटा सेंटरं दाखवली; एवढी एका जागी जगात कुठं नाहीत म्हणाला. अण्णांनी त्या बिनखिडक्यांच्या भिंतींची घरघर ऐकून घेतली. “आमच्याकडे खेर्डीच्या एमआयडीसीत असाच आवाज येतो. पण तिथं माणसं दिसतात.” मग डब्ल्यू अँड ओडीची वाट. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून केलेला पंचेचाळीस मैलांचा पायरस्ता. “आमच्याकडे रूळ यायला नव्वदचं दशक उजाडलं, आणि ह्यांनी काढून टाकले?” ह्यावर मात्र कुणाला उत्तर सुचलं नाही.

तर जूनमध्ये नऊ वर्षांच्या नातवानं क्रेफिश पकडायला जायचा हट्ट धरला. हा ओढ्यातला प्राणी. शेवंडीचं बोटभर पोर म्हणा, पण गोड्या पाण्यातलं. आपल्या ओढ्यांत तो मुळात नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. अण्णांनी चित्र पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. “आमच्याकडे पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन निघतो. पोतंभर चिंबोऱ्या! आणि वाशिष्ठीत मगरी असतात, मगरी!”

मुलगा म्हणाला, आधी मासेमारीचा परवाना. व्हर्जिनियात सोळाच्या आतल्यांना तो लागत नाही, मोठ्यांना लागतो. पाहुण्यांना एका दिवसाचाही मिळतो. आम्हाला वाटलं, अण्णा भडकणार. पण त्यांचा चेहरा उजळला. “बरोबर आहे. तिकिटाशिवाय पाण्यात पाय ठेवायचा नाही. पोराला फुल माफ.” परवान्याचा कागद त्यांनी बोटांत उभा घडी घालून धरला, नोटा धरायचे तसा.

संध्याकाळी आम्ही ब्रॉड रनवर गेलो. ओढा अ‍ॅशबर्नमधून वाहत पुढं पोटोमॅकला मिळतो. पाणी घोट्याच्या वर, तळाला चपटे दगड. क्रेफिश दिवसा दगडाखाली दडी मारतो आणि अंधारलं की बाहेर पडतो. अण्णांनी एक दगड असा उलथला की सगळा गाळ वर आला, पाण्याचा चहा झाला आणि त्यातून काहीतरी सुळकन गेलं. दुसरा दगड, तेच. तिसऱ्याला त्यांनी चिंबोरीच्या हिशेबानं जाळी बाजूला लावली, कारण चिंबोरी तिरकी पळते. हे तिरकं पळेना. चौथ्याला अण्णांनी थेट हात घातला. क्रेफिशनं नांगी उघडली आणि अंगठा धरला.

“तिकीट पंच केलं!” असं ओरडून अण्णांनी हात झटकला. मगरीच्या गावचा माणूस तीन इंचांच्या किड्यासमोर काठावर बसला, आणि तब्बल दहा मिनिटं कुणाकडेही काही नव्हतं. ना चिपळुणात, ना इथं.

एवढ्यात नातवानं एक दगड हळूच, आपल्याकडची कड उचलत वर केला. वाहत्या पाण्यानं गाळ नेला. तळाशी क्रेफिश तोंड वर करून, नांग्या उगारून उभा. पोरानं समोरून काडी दाखवली. त्यानं शेपटी पोटाशी मारली आणि झपकन मागं गेला. सरळ मागं.

अण्णा उठले. “अरे, हा रिव्हर्स घेतोय!”

मग जे झालं ते एस.टी. स्टँडवर वाढलेल्यांनाच कळेल. अण्णांनी जाळी क्रेफिशच्या मागं धरायला लावली, स्वतः बाजूला उभे राहिले आणि तळहातानं दगडावर थाप देऊ लागले. “येऊ दे… येऊ दे… डावीकडे काप… येऊ दे… बस्स!” नातू समोरून काडी हलवत होता. गाडी जाळीत लागली. तासाभरात सात लागल्या. मग अण्णांनी त्या पाठीवरून, नांग्यांच्या मागून दोन बोटांत धरायलाही घेतल्या. तिथं नांगी पोचत नाही.

रश्श्याचा विषय निघालाच. पण खाण्याजोगं मांस मुख्यतः शेपटीत, आणि सातांच्या शेपट्यांत एक वाटीही भरेना. शिवाय क्रेफिश दुसऱ्या पाण्यात सोडायचे नाहीत, हेही मुलानं बजावलं. ओहायोच्या खोऱ्यातली गंजकी जात, पाठीच्या दोन्ही बाजूंना गंजाचे डाग असलेली, गळ टाकणाऱ्यांच्या आमिषाच्या बादल्यांतून अशीच भलत्या ओढ्यांत पोचली आणि तिथल्या मूळच्यांना हुसकावून बसली. अण्णांना पटलं. “उतारू चढला त्याच स्टॉपवर उतरवायचा. पुढं नेला तर आपल्या अंगावर.”

दगड होते तसे ठेवले. सातही उतारू पाण्यात गेले. शेवटचा जाताना अण्णांनी हवेत दोरी ओढली आणि तोंडानं डबल बेल दिली. “टिंग टिंग!”

“आजोबा, टिंग टिंग म्हणजे काय?” नातवानं विचारलं. तो एस.टी.त कधी बसलेलाच नाही.

अण्णा ओल्या पँटनिशी पुन्हा दगडावर बसले, नातवाला शेजारी बसवलं. “आमच्याकडे,” ते म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी घड्याळं पाहिली.