पिस्ता म्हणजे पिस्ता

घरात कुणाचं सहस्रचंद्रदर्शन निघालं, की ८० वर्षं आणि ८ महिन्यांचा हिशेब गुरुजी करतात आणि घरच्यांनी स्टुडिओत कोणत्या रंगात उभं राहायचं, ते वहिनी ठरवतात. दोन्ही निकालांवर अपील नाही.

या वहिनी नवरात्राचे नऊ रंग लोकलच्या डब्यात पाळून तयार झालेल्या. पेपरात करडा छापून आला की करडा. 'कपाटात करडं काही नाही' ही सबब तिथं चालत नाही. तोच कायदा त्या फोटोलाही लावतात. महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो आणि पहिला हुकूम सुटतो: 'बायका डाळिंबी, पुरुष पिस्ता, मुलं श्रीखंडी. चौकडी, फुलं, कार्टून नको. छातीवर इंग्रजी अक्षरं तर अजिबात नकोत.' खाली एकवीस जणांचे अंगठे. त्यातल्या पुरुषांनी तो मजकूर वाचलेला नसतो.

खरी पंचाईत त्यांचीच. मराठी पुरुषाला एकूण सहा रंग ठाऊक, त्यातला एक 'डार्क'. धाकटे दीर तरी बिचारे हौसेनं कुर्ता घेऊन येतात.

"वहिनी, हा बघा पिस्ता."

"भावोजी, हा पोपटी आहे."

"दुकानदार पिस्ताच म्हणाला."

"त्याला विकायचा होता."

मग तो कुर्ता ट्यूबलाइटखाली बघितला जातो, गॅलरीत नेऊन उन्हात बघितला जातो, जाऊबाईंच्या ब्लाउजपीसशेजारी धरला जातो. वाटीभर साखर मागायला आलेल्या शेजारच्या काकूंचंही मत पडतं. अखेर 'असू दे, कुणाच्या तरी हळदीला घाला' या शेऱ्यासह कुर्ता परत. भावोजींच्या कपाटात असे हळदीचे तीन कुर्ते साठलेत आणि घरात लग्नाचं एकही माणूस उरलेलं नाही.

पण बाईंना कळतं, हे कबूल करायलाच हवं. पांढऱ्या पडद्यापुढं पांढरा सदरा घातला तर माणसाचं नुसतं डोकं तरंगतं. बारीक चौकडीच्या शर्टावर डिजिटल फोटोत नसत्या लाटा उमटतात. पातळ झब्ब्यातून बनियनची पट्टी फ्लॅशला हटकून दिसते. हे सगळं फोटोग्राफरनं तोंड उघडण्याआधी वहिनींनी सांगून टाकलेलं असतं, म्हणून तो त्यांना वचकून असतो. (अगदी जुन्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, लालभडक शालू काळाकुट्ट उमटायचा. वहिनी त्या काळात असत्या तर लग्नच पुढं ढकललं असतं.)

स्टुडिओत त्यांची पर्स उघडली की सेफ्टी पिना, टिकल्यांचं पाकीट, एक जादा श्रीखंडी सदरा आणि नमुन्याला कापलेला डाळिंबी कापडाचा तुकडा निघतो. मागच्या खेपेला यजमानांचं जाकीट पोटावर मिटत नव्हतं. "अहो, श्वास आत घ्या," असं दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा वहिनींनी फोटोग्राफरकडून कात्री मागितली, जाकीट पाठीमागून मधोमध उसवलं आणि पुढून बटण लावलं. पाठ फोटोत येत नाही! त्यानंतर ते गृहस्थ दिवसभर भिंतीला पाठ लावून वावरले. जेवणाच्या पंगतीतही कडेची खुर्ची धरून बसले.

स्टुडिओत ते बटण लागतंय, एवढ्यात उत्सवमूर्तींच्या शेजारी बसायला सासूबाई आल्या, त्या हिरवंगार इरकल नेसून. "ह्यांच्या सोहळ्याला मी हिरवंच नेसणार. तुमचं डाळिंब राहू दे तुमच्याकडं." स्टुडिओ चिडीचूप. पोरंसुद्धा वहिनींच्या तोंडाकडं बघू लागली. वहिनींनी एकदा सासूबाईंकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं, आणि फोटोग्राफरला म्हणाल्या, "मधे हिरवं, भोवती डाळिंबी. मी म्हटलंच होतं ना तुम्हाला?" तोही अनुभवी माणूस. "हो ताई," म्हणाला आणि कॅमेऱ्यात डोकं घातलं.

फोटो दृष्ट लागण्यासारखा आला. वहिनींनी तो ग्रुपवर टाकला, एकवीस अंगठे आले, या वेळी वाचून. संध्याकाळी नणंदबाईंनी तोच फोटो स्टेटसला ठेवला. 'जरा क्लासिक वाटावा म्हणून' फिल्टर लावून, कृष्णधवल.

आता दोघींचं येणंजाणं हळदीकुंकवापुरतं.