कर्ता फरार

मराठीत चप्पल चावते, लोकर टोचते, दातात अडकलेला भाजीचा तंतू सलतो, शेजाऱ्याची नवी गाडी डोळ्यांत खुपते आणि जाऊबाईंचा एखादा शब्द चांगला आठवडाभर बोचत राहतो. तक्रारीला तोंड फुटलं की पहिल्याच शब्दात आरोपी हजर. इंग्रजीने या सगळ्यांना सरसकट जामीन दिला आणि आपल्या हातात एकच शब्द ठेवला : अनकम्फर्टेबल.

शब्द तसा खानदानी. ‘कम्फर्ट’च्या पोटात लॅटिनमधला ‘फोर्टिस’ बसलाय, म्हणजे बळकट. खचलेल्याला बळ देणं, धीर देणं हा मूळ अर्थ. म्हणून जुन्या इंग्रजी बायबलात पवित्र आत्म्यालाच ‘कम्फर्टर’ म्हटलंय. पुढे हा शब्द आत्म्याकडून गादी-उशीकडे आला आणि तिथेच लोळत पडला. त्याची खरी करामत व्याकरणात आहे. खुर्ची अनकम्फर्टेबल असते आणि तिच्यावर बसलेला माणूसही अनकम्फर्टेबलच असतो. बोचणाऱ्याला आणि बोचून घेणाऱ्याला एकच विशेषण. खिळा कुठे आहे, हे विचारायचं नाही.

ही सोय आपण बरोब्बर हेरली. दाताचे डॉक्टर ड्रिल हातात घेऊन म्हणतात, ‘थोडं अनकम्फर्टेबल वाटेल हं.’ दुखेल, असं म्हणाले तर पेशंट आधीच तोंड मिटेल. सोसायटीत भाडेकरू नाकारताना त्याची जात, धर्म, ताटातलं मटण यातलं काहीही उच्चारावं लागत नाही; ‘मेंबर्स अनकम्फर्टेबल होतात’ एवढं पुरतं. लोकलमध्ये मात्र तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, तेव्हा कुणी हा शब्द काढत नाही. ‘जरा सरका’ म्हणतात आणि माणूस सरकतो.

या शब्दाची खरी चाकरी चालते ती ऑफिसात. साहेब सहकारी बाईंच्या खांद्यावर हात ठेवतात. बाई तक्रार करताना जपून बोलतात, कारण नोकरी टिकवायची असते. त्यांचं चूक नाही. पण फाइल लिहिणाऱ्याला कसली भीती? तोही लिहितो, ‘शी फेल्ट अनकम्फर्टेबल.’ हात गेला, खांदा गेला, साहेब गेले. उरली बाईंची भावना. म्हणजे आता तपास कुणाचा, तर बाईंच्या स्वभावाचा. मग माफीही त्याच कापडातली : ‘कुणाला अनकम्फर्टेबल वाटलं असेल, तर दिलगीर आहे.’ हात ठेवला की नाही, यावर माफीनामा गप्प.

कायद्याने हा घोळ घातलेला नाही. १९९७च्या विशाखा निकालानंतर तब्बल १६ वर्षांनी, २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्याच्या व्याख्येत शब्द आहे ‘अनवेलकम’, म्हणजे नकोसं. आणि हे विशेषण बाईला नव्हे, कृत्याला लावलंय. पुढे कृत्यांची यादीच दिली आहे : अंगचटीला येणं, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं वगैरे. जिथे १० किंवा अधिक माणसं कामाला आहेत, तिथे अंतर्गत समिती हवी. तक्रार लेखी द्यायची, एरवी ३ महिन्यांच्या आत. संसदेला जमलेलं हे व्याकरण पाचव्या मजल्यावरच्या एचआरला का जमू नये?

एचआरला एक फुकटचा सल्ला. फॉर्मवर ‘तुम्हाला कसं वाटलं?’ हा रकाना खुशाल ठेवा. फक्त त्याच्या वर ‘कोणी, काय केलं?’ असा एक रकाना छापा. तो भरला, की अनकम्फर्टेबल होण्याची पाळी आपोआप योग्य माणसावर येईल.