पुढचाही असाच पाडा!
(भव्य अ‍ॅनिमेशनपटांच्या निर्मात्यांना अनावृत पत्र)

प्रति,
भव्य अ‍ॅनिमेशनपटांचे सन्माननीय निर्माते,
मुंबई

स. न. वि. वि.

आपल्या चित्रपटांवर आम्ही नांदेड-लातूरकर नाराज आहोत, असा कुणी कान भरला असेल तर विश्वास ठेवू नये. शुक्रवारी लागायचं आणि पुढच्या शुक्रवारी उतरायचं, ही शिस्त आजकाल पाळतं कोण? ती आपल्याकडून मोडू नये, या एकाच कळकळीनं आपल्याच कामगिरीतून काढलेल्या काही सूचना पाठवत आहे.

पहिली गोष्ट तारखेची. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सचा ‘दिल्ली सफारी’ आठवा. बोरिवलीच्या जंगलातली जनावरं बुलडोझरविरुद्ध दाद मागायला थेट दिल्लीला निघतात. गोष्ट भली, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. लावला कधी? १९ ऑक्टोबर २०१२ ला, ‘स्टुडंट ऑफ द इयर’च्याच दिवशी. यशराज आणि डिस्ने या दोन धनाढ्यांनी मिळून ‘रोडसाइड रोमिओ’ काढला आणि २००८ च्या दिवाळीत ‘गोलमाल रिटर्न्स’ व ‘फॅशन’ यायच्या पाच दिवस आधी आणून ठेवला. २०१३ चा ‘महाभारत’ ‘धूम ३’ नंतर आठवड्यानं आला. आमच्याकडे पडदे मोजके. दुपार-संध्याकाळ मोठ्यांना वाटून झाली की आपल्या वाट्याला सकाळचा खेळ उरतो. त्या वेळी लातूरचं लेकरू कुठं असतं? ट्यूशन एरियात, टेस्ट सिरीजला. इथं आठवीतच फाउंडेशन बॅच लागते. रविवारची सकाळ ही सुट्टी असते हे आमच्या लेकरांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. पैसा चित्रांवर उधळू नये, नावांवर खर्चावा. ‘महाभारत’मध्ये भीष्म अमिताभ बच्चन, द्रौपदी विद्या बालन, कर्ण अनिल कपूर, भीम सनी देओल. आवाज एवढे भारी की ते डोळे मिटून ऐकावेत. उघडले तर पडद्यावरच्या मंडळींच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. चेहऱ्यात जीव आणायला शेकडो हात आणि काही वर्षं लागतात, पोस्टरवर नाव छापायला एक दुपार पुरते. आपण योग्य तेच निवडलंत. ‘कोचडैयान’वाले तर २०१४ मध्ये आणखी पुढे गेले. ज्याला बघायला लोक पहाटे रांगा लावतात, त्या रजनीकांतचे हावभाव टिपून त्यांनी संगणकी पुतळा उभा केला. खरा माणूस हयात आणि कामावर हजर असताना!

बजेटचा आकडा मात्र नायकासारखा मिरवावा. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली तेव्हा त्यांचं भांडवल म्हणजे काड्यांची पेटी. असल्या भिकार उदाहरणाकडे पाहू नये. पाहायचंच तर अमेरिकेकडे पाहावं. डिस्नेच्या ‘ट्रेझर प्लॅनेट’वर २००२ मध्ये सुमारे १४ कोटी डॉलर खर्च झाले आणि तिकिटांतून तेवढेही आले नाहीत. म्हणजे आपण जागतिक दर्जाचेच आहात.

सगळ्यात महत्त्वाचं, ‘खास बच्चेकंपनीसाठी’ हा शिक्का कधी सोडू नये. लेकरू एकटं थिएटरात येत नाही, हे आपल्या ध्यानात आलं तर सगळंच बिघडेल. त्याच्यासोबत आई येते, आजी येते आणि पाकीट घेऊन बाप येतो. चार तिकिटं, वर पॉपकॉर्न. पडद्यावर कुत्रं हिंदी सिनेमातली प्रेमकथा करत असताना त्या बापानं दोन तास काय करायचं, हा प्रश्न आपल्या बैठकीत निघू देऊ नये. घरात छोटा भीम २००८ पासून टीव्हीवर आहे. तोही आमच्या जुन्या राजधानीतला, हैदराबादचा. लाडू खातो, पण तिकीट मागत नाही.

काही लोक मात्र आपली परंपरा बुडवायला निघालेत, त्यांच्यापासून जपा. २००५ चा ‘हनुमान’ चालला, कारण नातवाला आजीच घेऊन गेली. २०१४ चा ‘चार साहिबजादे’ आम्हा नांदेडकरांना परका कसा वाटेल? गोष्ट गुरू गोविंदसिंगांच्या चार मुलांची, आणि गुरूंनी अखेरचा श्वास घेतला तो इथेच, १७०८ मध्ये. गुरूंची भूमिका नटानं करणं शीख परंपरेला मान्य नाही. ही कथा पडद्यावर आणायला चित्रांशिवाय वाट नव्हती. गेल्या वर्षी-दोन वर्षांत गाजलेला ‘महावतार नरसिंह’ बघा. २५ जुलै २०२५ ला आला तेव्हा एकही मोठा नट जवळ नव्हता. तरी तीनशे कोटींच्या पुढे गेला. खांबातून निघणारा नरसिंह नटाला मुखवटा चढवून दाखवला असता तर हसूच आलं असतं.

न्यायानं एक अपवाद नोंदवतो. ‘चार साहिबजादे’च्या पुढच्या भागातला बंदासिंग बहादूर गुरूंना भेटला तो आमच्याच गोदाकाठी. पण तो चित्रपट आला ११ नोव्हेंबर २०१६ ला, आणि ८ तारखेच्या रात्री नोटा बाद झालेल्या. तिकिटाच्या रांगेतली माणसं बँकेच्या रांगेत होती. तिथं निर्माता काय करणार? बाकीच्या ठिकाणी तिकीटबारी ओस पाडण्याचं श्रेय निर्विवाद आपलं आहे.

एवढं करूनही एखादा चित्रपट चालावा अशी बुद्धी झालीच, तर लिहायला बसण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. ही गोष्ट जिवंत नट घेऊन करता आली असती का? आली असती, तर नट घ्या आणि आम्हाला मोकळं करा. आणि पैसे देणाऱ्या बापासाठी, त्याच्या म्हाताऱ्या आईसाठी तिच्यात काय आहे? काहीच नसेल, तर खर्च शंभर कोटी करा नाहीतर दोनशे, चित्रपट पडणारच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चार तिकिटं काढणारा एक बाप
(नोकरी नांदेडला, बिऱ्हाड लातूरला)