हात लावू नका, मी करतो

"गॅरेजवाला असं वेगळं काय करतो?" हा अप्पांचा आवडता प्रश्न. गॅरेजवाल्याच्या जागी प्लंबर, सुतार, टीव्हीवाला, कुणीही चालतो. नातवाच्या मुंजीत त्यांनी गुरुजींनाही दोनदा थांबवलं होतं. अशी एक तरी मूर्ती प्रत्येक सोसायटीत असते. निवृत्तीनंतर कंबर धरलेली असते, पण बॉनेट उघडलं की लगेच सुटते. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. घरातल्या मिक्सरवर नाव कंपनीचं असलं, तरी आतला निम्मा ऐवज जुन्या बाजारातला. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या वाट्याला अप्पा आले आणि अप्पांच्या वाट्याला १९८४ची प्रीमियर पद्मिनी.

लोकांना वाटतं, ही माणसं पैसे वाचवण्यासाठी हे करतात. साफ चूक. अप्पांनी घरी केलेलं एकही काम बाहेरच्यापेक्षा स्वस्तात पडलेलं मी पाहिलेलं नाही. दुसरा गैरसमज असा, की ही माणसं एकट्याने काम करतात. मिस्त्री एकटा येतो, काम करतो, चहा पितो आणि जातो. अप्पांनी एखादी गोष्ट 'स्वतः' करायला घेतली, की तिसऱ्या मजल्यापर्यंत कुणाला दुपारची झोप मिळत नाही. स्वावलंबनाला मनुष्यबळ फार लागतं.

पद्मिनीच्या पुढच्या काचेचं प्रकरण मुळात काचेचं नव्हतंच, रबराचं होतं. त्या काळच्या गाड्यांत काच पत्र्याला चिकटवलेली नसायची. तिच्याभोवती जाड रबर असायचं. रबराला दोन खाचा, एकीत काचेची कड बसते, दुसरीत पत्र्याची. बाहेरच्या अंगाला एक चमकती पट्टी, तिने सगळं आवळून धरायचं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ते रबर कडक होतं, कोपऱ्यांत चिरतं आणि मग पावसाळा थेट गाडीत येतो. पद्मिनीत तो नेमका ॲक्सिलरेटरच्या पायावर ठिबकायचा. दुसरा कुणी असता तर त्याने त्याच आठवड्यात रबर बदललं असतं. अप्पा एका पायात गमबूट घालून गाडी चालवू लागले.

"अहो, एका पायात गमबूट घातलेल्या तुम्हाला मी लग्नकार्याला नेणार नाही," असं काकूंनी ठणकावल्यावर रबर आणायला अप्पा नाना पेठेत गेले. मलाही नेलं, कारण साक्षीदार लागतो. दुकानदाराने माळ्यावरून वेटोळं काढून दिलं. अप्पांनी ते पिळलं, नखाने खरवडलं, हुंगलं.

"ओरिजनल आहे का?"

"काका, कारखाना केव्हाच बंद झाला. २०२३मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा रस्त्यावरून गेली. आता माझ्याकडे जे आहे, ते ओरिजनल."

हा युक्तिवाद अप्पांना पटला. चार बोटं जास्तीचं घेऊन त्यांनी रबर कापून मागितलं. ताणून बसवलेलं रबर पुढे आखडतं आणि जोडावर फट पडते, हे त्यांनी दुकानदाराला सांगितलं. दुकानदार चाळीस वर्षं रबर विकत होता. त्याने मान डोलावली.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये फौज उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरचा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा मुलगा टॉर्च धरायला, वॉचमनमामा काच झेलायला आणि बँकेतून निवृत्त झालेले शेजारी अप्पांच्या हस्ताक्षरातली कृती मोठ्याने वाचायला. शेजाऱ्यांनी आयुष्यभर लोकांकडून नियमावली पाळून घेतली असल्यामुळे ते पहिली पायरी पूर्ण झाल्यावर अप्पांची सही घेतल्याशिवाय दुसरी वाचत नव्हते. वायपर निघाले. चमकती पट्टी निघाली. मग अप्पा पुढच्या सीटवर उताणे झाले आणि त्यांनी मोजे घातलेले दोन्ही पाय काचेच्या वरच्या कोपऱ्याला टेकवले. पद्धत बरोबर होती. आतून लाकडी पाचरीने रबराचा ओठ पत्र्यावरून सोडवत जायचं आणि पायांनी सावकाश रेटायचं, म्हणजे काच रबरासकट बाहेर येते. बाहेर वॉचमनमामा हात पसरून उभे. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी थांबून चौकशी केली, की आजोबांना बाहेर काढायला कुणी जाणार आहे की नाही.

"पायरी चौथी," शेजारी वाचू लागले. "लोखंडी स्क्रूड्रायव्हरचे टोक काचेच्या कडेस लागता कामा नये. अधोरेखित."

अप्पांच्या हातात त्या वेळी लोखंडी स्क्रूड्रायव्हर होता. पाचर सापडत नव्हती.

जुन्या गाडीची ती टफन केलेली काच. अशी काच सहाशे अंशांच्या वर तापवून एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि तिच्या मधोमध बुक्की मारली तरी ती दाद देत नाही. पण कडेला नको तिथे टोक लागलं, की सगळा कोंडलेला ताण एकाच क्षणी सुटतो. टक्क असा बारीकसा आवाज झाला आणि काच नाहीशी झाली. अप्पांच्या अंगावर, सीटवर, डॅशबोर्डच्या फटीत, वॉचमनमामांच्या खिशात, सगळीकडे साबुदाण्याएवढे खडे. कुणाला ओरखडाही आला नाही, कारण ती काच फुटून असे बोथट खडे व्हावेत म्हणूनच बनवलेली असते. अप्पा उठून बसले, भुवया झटकल्या आणि म्हणाले, "काच तशीही बदलायचीच होती."

पाचवी पायरी काच सुरक्षित ठेवण्याची होती. शेजाऱ्यांनी ती लाल शाईने रद्द केली.

मग जमलेल्या पोरांना गोष्ट ऐकावी लागली. एदुआर बेनेडिक्टस नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. १९०३ साली त्याच्या हातून प्रयोगशाळेतला एक फ्लास्क खाली पडला, पण तडकूनही त्याचे तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी ठेवलेलं सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण वाळून त्याचा पातळ पापुद्रा आतल्या बाजूला राहिला होता, त्याने तुकडे धरून ठेवले. त्यातून दोन काचांमध्ये पारदर्शक थर घालायची कल्पना निघाली, १९०९मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आजच्या गाड्यांची पुढची लॅमिनेटेड काच त्याच वंशातली. अप्पांनी यातून काढलेला निष्कर्ष मात्र स्वतंत्र होता. "म्हणजे बघा, काच फुटल्याशिवाय प्रगती नाही."

नवी लॅमिनेटेड काच रिक्षातून आली. ती आडवी मावेना, म्हणून काकूंनी मागच्या सीटवर बसून ती उभी मांडीशी धरली आणि लक्ष्मी रोडवरून कोथरूडपर्यंत त्या एखाद्या साडीच्या दुकानाच्या शोकेसमध्ये बसवल्यासारख्या आल्या. अप्पा रिक्षावाल्याशेजारी अर्धे लटकत त्याला खड्डे दाखवत होते. रिक्षावाल्याने पुण्यात प्रथमच मीटरपेक्षा कमी पैसे घेतले असावेत. त्याला लवकर सुटायचं होतं.

इथून पुढे दोन तासांचं काम होतं, अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे. पण जुनं रबर उचललं तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्र्याला गंज. रबराखाली पाणी साचतं आणि वरून सगळं छान दिसतं, त्यामुळे जुन्या गाडीचा खरा आजार काच काढल्यावरच कळतो. त्या गंजावर नवं रबर बसवणारे महाभाग असतात. अप्पा त्यांतले नव्हेत, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी तारेच्या ब्रशने कड घासली, रेड ऑक्साइडचे हात दिले, वाळू दिलं, पुन्हा घासली. तेवढ्यात पितृपक्ष लागला. काकूंनी पितृपक्षात नव्या वस्तूला हात लावू दिला नाही. मग नवरात्र. ताडपत्रीखालच्या पद्मिनीवर सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली. अप्पांनी ती काढून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रबराचा छेद काढला आणि नोटीस बोर्डावर परत लावली.

दसऱ्यानंतर मुख्य सोहळा. यात खरी गोम अशी आहे: काचेला रबर चढवून ती बाहेरून चौकटीत ठेवली, तरी रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवर कसा जायचा? बोटांनी जात नाही. त्यासाठी पत्र्याच्या खाचेत आधीच एक दोरी भरून ठेवायची, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून नेऊन गाडीच्या आत सोडायची. मग एकाने आतून दोरी ओढायची आणि दुसऱ्याने बाहेरून तळहाताने तिथेच दाबायचं. दोरी निघत जाते तसा ओठ उलटून पत्र्यावर चढतो. खालची बाजू आधी, मग दोन्ही अंगं, वरची शेवटी.

अप्पांनी सुतळी आणली. सुतळी खरखरीत, ती रबरात अडकली. नायलॉनची आणली, ती खाचेतून निसटली. तासभर अप्पा एका बाजूने भरत होते आणि दुसऱ्या बाजूने ती बाहेर येत होती. इंजिनिअरिंगचा मुलगा घर्षणगुणांकाबद्दल काहीतरी बोलला, त्याला टॉर्च नीट धरायला सांगण्यात आलं. शेवटी काकू वरून खाली उतरल्या. त्यांनी रबर हातात घेतलं, खाच बघितली आणि म्हणाल्या, "एवढंच ना? परकराच्या नाडीचं काम आहे."

वर जाऊन त्यांनी कोरी सुती नाडी आणली. एका संपलेल्या बॉलपेनची नळी घेतली, नाडी तिच्यातून ओवली आणि नळीचं तोंड खाचेत घालून ती फिरवत गेल्या. मागे नाडी आपोआप खाचेत बसत होती. गॅस बंद केला की नाही याचा विचार करता करता त्यांनी चारही बाजू पुऱ्या केल्या. कारखान्यातले लोकही अशीच नळी वापरतात, असं अप्पांनी लगेच सगळ्यांना सांगितलं, जणू काकूंना त्यांनीच पाठवलं होतं.

मग वंगणावरून वाद. कुणी ग्रीस सुचवलं, कुणी खोबरेल. अप्पांनी दोन्ही फेटाळलं आणि तेही बरोबर होतं. ग्रीसने रबर फुगतं. भांड्यांचा साबण पाण्यात कालवून बादलीभर फेस केला. मेकॅनिकलच्या मुलाने सगळ्या शिक्षणात पहिल्यांदा गाडीला हात लावला, तोही साबणाचा. काच चौकटीत ठेवली. आत काकू, कारण नाडी त्यांची. बाहेर अप्पा, वॉचमनमामा आणि थापट्या मारायला अर्धी सोसायटी.

"ओढ!" अप्पा बाहेरून.

"तुम्ही आधी दाबा!" काकू आतून.

"मी दाबतोच आहे."

"तिथे नाही, मी जिथे ओढतेय तिथे दाबा. चाळीस वर्षं हेच सांगतेय."

लॅमिनेटेड काचेला एका कोपऱ्यात जास्त दाब दिला, की सरळ तडा जातो. त्यामुळे शेवटच्या कोपऱ्याला सगळ्यांनी श्वास रोखले. शेजाऱ्यांनी वाचन थांबवलं. फक्त काकू शांत होत्या. त्यांनी नाडी काचेला समांतर, एका लयीत ओढली, ओठ चुळकन् पत्र्यावर बसला आणि नाडीचं टोक त्यांच्या हातात आलं. पुढच्या चमकत्या पट्टीला अप्पांनी अख्खी दुपार घेतली, पण त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती सगळ्यांनाच तेवढी घेते.

पाण्याची परीक्षा जाहीर समारंभात झाली. बागेचा पाइप, वरून जोराचा फवारा, आत अप्पा टॉर्च घेऊन. ॲक्सिलरेटर कोरडा. ब्रेक कोरडा. अप्पा विजयी मुद्रेने बाहेर आले आणि पुढच्या सीटवर बसलेल्या काकू म्हणाल्या, "माझ्या पायावर पडतंय."

"थेंबभर चालतं," अप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते ओठाखाली सीलंट भरताना दिसले. काकूंसाठी गमबुटाची जोडी आणल्याची अफवा खरी नव्हती.

यानंतर अप्पांची नजर बी विंगकडे वळली. तिथल्या एका तरुणाच्या नव्या गाडीच्या काचेवर एक्सप्रेस वेवर ट्रकच्या चाकाखालचा दगड उडून आला होता. सकाळी चांदणी, संध्याकाळी तिची वीतभर रेघ. अप्पा भिंग घेऊन हजर. तरुणाने आधी गाडीवर कव्हर घातलं, मग गाडीच मित्राकडे नेऊन ठेवायचा विचार बोलून दाखवला.

"घाबरू नकोस. ही आपण करायची नाही," अप्पा म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. "हिला रबर नाही, ही पॉलियुरेथेनने चिकटवलेली. टपाची ताकद थोडी हिच्यावरही असते. डावीकडची एअरबॅग उघडताना हिचाच आधार घेते. चुकीची चिकटवली तर नको त्या वेळी निघून जाईल. आरशामागे कॅमेराही दिसतोय. वर्कशॉपलाच दे. क्लेम करणार? मग तुझा नो क्लेम बोनस गेला."

"बोनस प्रोटेक्ट केलाय, काका."

अप्पांचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता नेतोयस?"

वर्कशॉपमध्ये तरुणाला एसीत बसवून कॉफी दिली. अप्पांनाही दिली, पण खुर्ची लवकरच रिकामी झाली. तरुणाने मान वळवली तर अप्पा काचेपलीकडे कारागिराशी बोलत होते. जुनी काच सोडवायला त्या लोकांकडे बारीक पोलादी तार असते. चिकटवलेल्या थरातून ती आरपार घालतात, एक टोक आत, एक बाहेर, आणि दोघांनी करवतीसारखी ओढत थर कापत जायचं. दुसरा कारागीर जेवायला गेला होता. थोड्या वेळाने तरुणाने पुन्हा पाहिलं, तर त्याच्या नव्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, हातमोजे घातलेले अप्पा तारेची मूठ धरून बसले होते. डॅशबोर्डवर त्यांचा फोन उभा केला होता, स्पीकर चालू होता आणि काकू कारागिराला विचारत होत्या, "कोपऱ्यात हळू घेतोस ना रे? आणि हे ओढतायत तिथेच दाबतोयस की भलतीकडे?"