याचे दिवस नाहीत

भाऊकाकांना लग्नाला बोलावण्याआधी यजमानांनी एकदा पंचांग बघून घ्यावं. मुहूर्तासाठी नव्हे, मेनूसाठी. मार्गशीर्षातल्या एका लग्नात त्यांच्या पानाशी आमरसाची वाटी आली. काकांनी वाटीकडे पाहिलं, वाढप्याकडे पाहिलं आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं, "हा कुठला?"

"डब्यातला आहे काका, पण एक नंबर आहे."

"असेल, असेल. आत्ता याचे दिवस नाहीत, एवढंच म्हणतो."

वाटी पानाबाहेर गेली. काका पुढे एक शब्दही बोलले नाहीत, मुकाट्याने वरण-भात जेवले. पण त्यांच्या दोन्ही बाजूंच्या चार-सहा जणांना तो आमरस काही धड खाववेना. वधूपिता अजून त्यांच्याशी जरा जपूनच बोलतात.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं, यात नोकरी गेली. तीच शिस्त पुढे मंडईत चालू राहिली. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे काकू मांडतात आणि उरलेल्या जागेत काकांच्या पेन्सिलीच्या नोंदी असतात: 'पहिली कैरी दिसली', 'पावटा, बरा', 'सासवडचा मटार आला, थांबावे'. हे 'थांबावे' महत्त्वाचं. बाजारात पहिला आलेला माल काका घेत नाहीत. तो हौशी लोकांसाठी असतो म्हणे. आणि शेवटचा माल तर मुळीच घेत नाहीत. मृगाची एक सर पडली की पेटीत डझनभर हापूस शिल्लक असला तरी त्यांच्यापुरता आंबा संपला. त्यामुळे त्यांच्या घरी कुठलीही चांगली गोष्ट एकतर अजून यायची असते, नाहीतर नुकतीच गेलेली असते. मधल्या ज्या दोन आठवड्यांत ती खरोखर पानात असते, तेव्हा मात्र सकाळ-संध्याकाळ तीच असते.

गोठवलेल्या मटारची पिशवी त्या घरात निषिद्ध. सुनबाई ती फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या डब्याखाली लपवतात. काकांना हे ठाऊक आहे. अधूनमधून ते "जरा आइस्क्रीम बघू का?" असं मोठ्याने विचारतात आणि जागचे हलत नाहीत. सुनबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग बदललेला पाहिला की पुन्हा पेपरात डोकं घालतात. पण खऱ्या मटारचे दिवस आले की हाच माणूस दोन-दोन किलोच्या पिशव्या घेऊन नातेवाइकांच्या दारात उभा राहतो, आणि नुसता देऊन जात नाही, परात मागून सोलत बसतो. आमच्या आईचं बाळंतपण, वडिलांचं ऑपरेशन, माझा बारावीचा निकाल, सगळ्या प्रसंगी काका परात घेऊन सोलत बसलेले मला आठवतात. फक्त परातीतला माल महिन्याप्रमाणे बदललेला.

तर हे काका इटलीला आले. गाड्यांच्या कामामुळे पुण्यातली बरीच पोरं तुरिनला ये-जा करत असतात, त्यातला मी एक. "मे महिन्यात या, हवा छान असते," असं मी दर वर्षी म्हणायचो. "मे महिन्यात?" काका फोनवर असे गप्प व्हायचे की मलाच माझी लाज वाटावी. "आंबा सोडून?" शेवटी अधिक मासामुळे दिवाळी नोव्हेंबरात गेलेल्या एका वर्षी त्यांनी मोकळी जागा शोधून काढली. दसऱ्याचं सोनं वाटायचं, दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं आणि वसुबारसेच्या आत घरी यायचं. सोबत काकू आणि एक दोनशे पानी वही. वहीत पिसाचा मनोरा नाही, कोलोसियम नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन रकाने आणि खाली देवनागरीत 'कास्ताञ्ये', 'तार्तुफो', 'रादिक्यो'.

पहिल्या सकाळी मी त्यांना पोर्ता पलात्सोला नेलं. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या बाजारांपैकी हा एक. काकांना वाटलं आपण घरी आलो. त्याच भरात त्यांनी एका गाड्यावरचं पर्सिमन उचललं आणि अंगठ्याने दाबलं. गाड्यामागची बाई कडाडली. इथे फळाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नसतो, सुपरमार्केटात तर त्यासाठी प्लॅस्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात, हे मी सांगायला विसरलो नव्हतो, काकांनी ऐकलं नव्हतं. मी माफी मागत होतो तेवढ्यात बाईने कमरेवर हात ठेवून विचारलं, खाणार कधी? आज की उद्या?

मी भाषांतर केलं. काकांचा चेहरा उजळला. "परवा, म्हणावं." बाईने तीन फळं चाचपून परत ठेवली, चौथं कागदात गुंडाळून दिलं आणि परवापर्यंत दाबायचं नाही अशी बोट नाचवून ताकीद दिली. कच्चं पर्सिमन जीभ आखडून टाकतं, त्यामुळे ताकीद योग्यच होती. काका वाटेत तीनदा म्हणाले, "बाईला कळतं." ते फळ माझ्या खिडकीत दोन दिवस होतं आणि दोन दिवस आम्ही त्या खिडकीकडे पाठ करून बसलो.

मग त्यांना हा देश आवडतच गेला. दुपारच्या जेवणावर मी कॅपुचिनो मागवला, तेव्हा वेटरच्या भुवया वर गेल्या. "बरोबर आहे त्याचं," काका म्हणाले. "दूध घातलेली कॉफी सकाळची." ज्या देशात माणसं नजरेनेच वेळापत्रक पाळायला लावतात, तिथे काका परके असण्याचा प्रश्नच नव्हता. स्लो फूड चळवळीची गोष्ट मी कौतुकाने सांगितली. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडॉनल्ड्स येऊ घातलं तेव्हा विरोध झाला, आणि १९८६ मध्ये इथल्याच पिएमोन्तेच्या कार्लो पेत्रिनींनी ही चळवळ उभी केली, तिचं चिन्ह गोगलगाय. काकांनी शांतपणे ऐकलं. "चांगलं आहे. मी हे गोगलगायीशिवाय करतो."

आल्बाला मात्र ते गडबडले. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे पांढऱ्या ट्रफलची जत्रा भरते. मंडपात शिरल्याबरोबर वासाने अंगावर झडप घातली. "कुणाची हिंगाची डबी उघडी राहिलीये का?" काकूंनी विचारलं. जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढणारी, ओबडधोबड, मातकट गाठ. काचेखाली ठेवलेली, सोनाराच्या काट्यावर ग्रॅमने विकली जाणारी. तिची शेती जवळजवळ होतच नाही, ती कुत्र्यांनी हुंगून काढायची. डुकरांना या कामावर इटलीत १९८५ पासून बंदी आहे, कारण डुकरं मुळं उकरून ठेवतात, आणि सापडलेला माल मालकाला द्यायची त्यांची तयारीही नसते. जवळच्या रोद्दी गावात या कुत्र्यांना शिकवणारं 'विद्यापीठ' आहे, ते १८८० सालचं. हे वाचून काका क्षणभर खिन्न झाले. "आमचं फर्ग्युसन १८८५चं," ते म्हणाले.

काका बाहेरगावी अंडं खातात. (कोथरूडची हद्द ओलांडली की बाहेरगाव.) त्यामुळे भरपूर बलक घालून केलेल्या बारीक तायारीन शेवया त्यांना चालल्या. वेटरने वरून ट्रफलचे कागदासारखे काप पाडले, कच्चेच, कारण शिजवलं की वास मरतो. काकांनी डोळे मिटून घास घेतला. मी वाट बघत राहिलो. डोळे उघडून त्यांनी वेटरला विचारायला लावलं, माल कसा आहे यंदा? वेटर प्रामाणिक निघाला. उन्हाळा कोरडा गेला, म्हणाला. खरा माल नोव्हेंबरच्या मध्यावर येईल, तेव्हा या.

काका माझ्याकडे बघत राहिले. असं वाक्य आजवर त्यांनी शेकडो लोकांना ऐकवलं होतं. त्यांना ते कुणी ऐकवलं नव्हतं.

फ्लॉरेन्सला काकूंची संकष्टी आली. रस्त्यावर भाजलेले चेस्टनट त्यांना फार आवडले होते. तिथल्या एका बेकरीत कास्ताञ्याच्चो मिळाला: चेस्टनटचं पीठ, ऑलिव्ह तेल, बेदाणे, पाइनच्या बिया, वर रोझमेरी. साखर नाही, यीस्ट नाही. उपासाला चालेल का? काकूंनी पुण्याला बहिणीला फोन लावला. दोघींनी शिंगाड्याचा दाखला काढला. फळाचं पीठ, धान्याचं नव्हे, म्हणजे चालायला हरकत नाही. काकूंनी तुकडा हातात घेतला आणि नेमकी तेव्हाच काकांनी वही उघडली. "हे बघ, इथल्या डोंगरातले लोक शेकडो वर्षं याच्यावरच जगले. गहू पिकायचा नाही ना वर. या झाडाला भाकरीचं झाड म्हणायचे. त्यांचं धान्यच हे."

काकूंनी तुकडा परत कागदात ठेवला. "धान्य आहे होय," म्हणाल्या. चंद्रोदयापर्यंत त्या काकांशी बोलल्या नाहीत, आणि चंद्रोदय फ्लॉरेन्सला किती वाजता हे कालनिर्णयात नव्हतं.

पुढे तस्कनीत एका शेतावर मुक्काम होता. ऑलिव्हचं नवं तेल ही काकांच्या वहीतली दुहेरी रेघ मारलेली नोंद: हिरवंगार, तिखट, घशाला चरचरणारं, भाजलेल्या पावावर लसूण घासून वर ओतायचं. शेतकरी आमच्याच काकांच्या वयाचा, तसाच उंच, तशीच बंडी. त्याने काकांना झाडाखाली नेलं, एक फळ चिरडून दाखवलं, मान हलवली. अजून आठवडा. टेबलावर गेल्या वर्षीचं तेल होतं. मला ते उत्तम लागलं, तसं मी म्हणालोही. शेतकऱ्याने आणि काकांनी एकाच वेळी, एकाच नजरेने माझ्याकडे पाहिलं. नंतर भाषेवाचून तासभर ते दोघं बांधावर बसले होते. काय बोलत होते कुणास ठाऊक. उठले तेव्हा काकांच्या हातात त्याने दिलेली पावट्यासारखी कसलीशी शेंग होती आणि ते ती सोलत होते.

व्हेनिसला शेवटचा दिवस. लोक गोंडोलाच्या रांगेत, आम्ही रिआल्तोच्या भाजीबाजारात. त्रेविझोचा उशिराचा रादिक्यो हवा होता, लांब, लालभडक पानांचा, टोकं आत वळलेला. भाजीवाल्याने मान हलवली. याचे नियम कागदावर लिहिलेले आहेत: नोव्हेंबरच्या आधी काढायचाच नाही, आणि शेतात निदान दोनदा दंव गोठल्याशिवाय तर नाहीच. त्यानंतर मुळांसकट वाहत्या पाण्यात ठेवून अंधारात नवी पानं फुटू द्यायची, मग कुठे बाजारात.

"म्हणजे कधी?" काकांनी विचारलं.

भाजीवाल्याने आभाळाकडे बोट केलं.

"अहो, याचे दिवस नाहीत," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांचं सगळं साठवून, शब्दन् शब्द सुटा करून म्हणाल्या.

विमानतळावर काका वहीत डिसेंबर काढून बसले. पण डिसेंबरात पावटा, मटार, मागोमाग हुरडा. भोगीची भाजी तर सोडताच येत नाही. त्यांनी बराच वेळ पेन्सिल चावली. शेवटी वही मिटून मला म्हणाले, "तूच खा. पण घाई करू नकोस. आणि मला कळव."

तेव्हापासून रोज पुण्यात सकाळचे सहा वाजले की मला मेसेज येतो: दंव गोठलं का? माझ्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. मागच्या आठवड्यात एकदाची गाडीच्या काचेवर पांढरी साय धरली. फोटो काढून पाठवला. उत्तर लगेच आलं.

"तुरिनचं काय सांगतोस? त्रेविझोचं सांग. आणि दोनदा पडायला हवं."