पिशवी-पेढी : स्थापना व संचालन

आधी भांडवल मोजावे. प्रत्येक घरात ओट्याखाली एक मोठी पिशवी असते आणि तिच्यात बाकीच्या पिशव्या राहतात. ही मराठी कुटुंबाची मुदत ठेव. ती वाढत जाते, मोडत कोणी नाही. सोसायटीतल्या दहा-बारा घरांनी मोडली, तरी फाटकाशी पेढी उघडता येते. भाजीला निघताना पिशवी न्यायची, येऊन जमा करायची. साहित्य : वॉचमनच्या केबिनबाहेर चार खिळे, एक वही आणि वहीला दोरीने बांधलेले पेन. (दोरी नसल्यास पेन भांडवलात धरू नये.)

मग प्रतवारी. जुनी साडी, पडदा किंवा पँटच्या पायापासून शिवलेली पिशवी पहिल्या प्रतीची. दिसायला कापडी पण हाताला खरखरीत, समारंभात नारळासोबत मिळते ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच. तिला हाकलू नये, फाटेपर्यंत राबवावे. साडीच्या दुकानाची जाडजूड पिशवी मात्र कोणीही जमा करणार नाही. ती ‘चांगली’ असते, आणि चांगली वस्तू वापरायची नसते.

‘प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहेच, मग पेढी कशाला?’ असे एखादा सभासद विचारेल. बंदी आहे खरी. राज्याने २०१८ साली घातली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. त्या सभासदाला भाजीवाल्याकडे रिकाम्या हाताने पाठवावे. भाजीवाला डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो आणि पोत्याखालून काळी पिशवी काढतो. घेणारा आणि देणारा दोघेही कायद्याचा इतका धाक बाळगतात, की व्यवहार अगदी कुजबुजत होतो. शंका उरलीच तर २६ जुलै २००५ ची आठवण द्यावी. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याचा दोष पिशव्यांवर ढकलता येत नाही. पण तुंबलेल्या गटारांत त्या होत्या.

दुधाच्या पिशवीसाठी वेगळे खाते लागते, आणि सगळी विद्या कात्रीत आहे. कोपरा कापताना तुकडा पिशवीलाच लटकता ठेवावा. सुटलेला चिमुकला तुकडा कचरा निवडणाऱ्या हातांतून निसटतो आणि गटार गाठतो. पिशवी धुवावी, वाळवावी, किलोवर भंगारवाल्याला द्यावी. २०१८ च्याच अधिसूचनेत दर पिशवीमागे किमान ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. तो अर्धा रुपया कोणाच्या हाती पडला असल्यास त्याने तो चौकटीत घालून पेढीत लावावा.

उद्घाटनाला पाहुणा बोलावू नये. त्याच्याबरोबर पुष्पगुच्छ येतो आणि पुष्पगुच्छ प्लास्टिकमध्ये येतो. त्याऐवजी रोज कचरा नेणाऱ्या ताईंना खुर्ची देऊन हिशेब तपासायला सांगावे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. कोणत्या घरातून काय बाहेर पडते हे अशा बायकांना सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा जास्त ठाऊक असते. फक्त त्या सांगत नाहीत, ही सेक्रेटरीवर मेहेरबानी.

राहिली थकबाकी. दंड लावू नये, फळ्यावर नावे लिहू नयेत. त्यातून फक्त भांडणे वसूल होतात. सर्वांत ज्येष्ठ काकूंना वसुली अधिकारी नेमावे. त्या दाराशी जाऊन म्हणतात, “परवाची पिशवी हाताशी आहे का गं? नसेल तर राहू दे.” संध्याकाळपर्यंत पिशवी येते : धुतलेली, घडी घातलेली, आत डब्यात चार चकल्या. चकल्यांची नोंद वहीत करू नये.